माळावर काही नाही

नोंद १ ते ११

स्थानिक नाव: टणटणी
कोठे आढळते: सगळीकडे
वापर: नाही
माहिती देणाऱ्याचे नाव: सगळे, एका सुरात

पुढच्या दहा नोंदी याच वळणाच्या. रानमोडी. बाभूळ. साग. गवत (बारीक). गवत (उंच). कावळा. चिमणी. साळुंकी. बगळा. साप (कोणता ते सांगता आले नाही).

शेरा:

शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा आहे. त्यात मावणार नाही, म्हणून खाली लिहिते.

प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या झाडापाल्याची, जनावरांची, माशांची नोंदवही ठेवायची असते. लोकांना विचारून, लोकांच्या शब्दांत. मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, राहते ठाण्याला, वर्तकनगरमध्ये. कल्याणच्या दक्षिणेला, मलंगगडाच्या अंगाला असलेल्या काही गावांचं काम आमच्या कॉलेजकडे आलं आणि वडशेत माझ्या वाट्याला आलं. दीडशे उंबऱ्यांचं आगरी गाव, समोर भातशेती, पाठीला बावीस एकरांचं गायरान. त्याला सगळे मागचा माळ म्हणतात.

एप्रिल होता. मारुतीच्या देवळात सतरंजी घातलेली, डोक्यावर पंखा, हातात चहा. समोर तीसेक बायका, भिंतीला टेकून पंधरा पुरुष. मी सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं.

"मागच्या माळावर काय काय उगवतं, मावशी?"

पुढच्या रांगेत शेवंतीमावशी होती. साठीच्या आतबाहेरची, लुगड्याचा काष्टा, पायाची बोटं मातीने कायमची काळवंडलेली. तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

"मालावर? मालावर काय नाय, बाय. दगर."

"रानभाज्या?"

"रानभाज्या कोन खातंय आता? आमची पोरं म्यागी खातान."

सगळ्या हसल्या. तिची धाकटी जाऊ तुळसा शेजारीच बसलेली. ती म्हणाली, "पयले व्हतं मंग. आता गेलं सगलं."

"सगलं गेलं," मागून दहा आवाज.

मी भिंतीकडे वळले. गुणाजीआबांनी जन्मभर गुरं राखलेली, असं मला सांगितलेलं. "आबा, जनावर काय दिसतं माळावर?"

"कुत्री."

"आणि?"

"आनि ह्यो," शेजारच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले.

अकरा नोंदी झाल्या. खाली लिहिलं: *माळावर तुरळक झुडपे व गवत. विशेष काही आढळले नाही.* सही केली आणि चारच्या आत घरी आले.

सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, हीच चूक होती. ते कळायला मला दोन महिने लागले.


नोंद क्रमांक नाही
(ठिकाण: नौपाडा, ठाणे, दाताच्या दवाखान्यासमोरचा फुटपाथ)

जूनचा दुसरा आठवडा. दवाखान्यातून उतरले तेव्हा माझा अर्धा जबडा बधिर होता. फुटपाथवर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांमध्ये एकीपुढे शेवळं दिसली. वीतभर लांबीच्या, तपकिरी-जांभळ्या, गुंडाळून घेतलेल्या कळ्या, दहा-दहाच्या जुड्या. शेजारी काकडाची हिरवी फळं, ती घातल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. पलीकडे कोळीची भाजी, टाकळा, कुर्डू, आणि पानात बांधलेलं काहीतरी जे मला, म्हणजे सतरा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला, ओळखता आलं नाही.

मी वर पाहिलं. शेवंतीमावशी.

तिनेही मला पाहिलं आणि पदर टोपलीवर ओढला.

"मावशी, तुम्ही वडशेतच्या ना?"

"मी नाय ती."

"शेवंतीमावशी!"

"ती माझी भयीन असंल."

मी तिच्यापुढे बसकण मारली. जबडा धड चालत नव्हता, त्यामुळे बोलण्यापेक्षा बोटानेच दाखवत होते: हे कुठलं? हे? आणि हे पानातलं? थोड्या वेळाने तिला माझी कीव आली असावी.

"मालावरचं," ती हळूच म्हणाली.

"माळावर काही नाही म्हणालात!"

"मंग काय सगल्यांच्या म्होरं सांगू?"

"कल्याण एवढं जवळ असताना इतक्या लांब कशाला येता?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिलीच्या वर्गात आहे. "कल्यानला आमच्याच गावच्या बाया बसतान. टोपली बघितली का त्यांना कलतं."

"काय कळतं?"

"जागा."

मग तिने शेवळाची एक जुडी उचलून मला शिकवलं. बुडाला काळी माती असली तर घळीतलं, तांबडी असली तर उतारावरचं. देठ लांब असला तर सावलीतलं. सोबत काकड कोवळं असलं तर ते झाड जवळच कुठेतरी आहे. टोपलीवरून माळावरचा खड्डा न खड्डा वाचता येतो. म्हणून ती कल्याण स्टेशनच्या नळाखाली सगळं धुते आणि मग ठाण्याला येते.

"आणि तुळसा?"

"ती डोंबिवलीला बसते. मना माहीत नाय असं तिला वाटतं."

एका भिंतीला भिंत लागून दोन जावा तीस वर्षं राहतात. एक ठाण्याला जाते, दुसरी डोंबिवलीला, आणि संध्याकाळी दोघी एकाच ओट्यावर बसून सांगतात की दिवसभर मजुरीला गेलेलो.

"माझ्या सासूने मरताना कानात सांगितलेली जागा हाय," शेवंतीमावशी म्हणाली. "धाकटीला नाय सांगितली. मना सांगितली. ती मी कागदावर लिवू?"

मी दोन जुड्या घेतल्या. तिने तिसरी वर टाकली, गप्प बसण्याबद्दल.


ठराव क्र. ७ (मसुदा)

*सदर गायरान कंटेनर यार्डाकरिता देण्याबाबत कंपनीकडून मागणी प्राप्त झाली आहे. गावाच्या जैवविविधता नोंदवहीनुसार सदर जागेत विशेष वनस्पती अथवा प्राणी आढळत नाहीत. सबब ग्रामसभेची हरकत नाही.*

ग्रामसेवकांनी याचा फोटो मला जुलैच्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली हात जोडलेली खूण आणि "मॅडम, आपल्या नावाचं स्पेलिंग बघून घ्या."

स्पेलिंग बरोबर होतं. माहिती संकलक: समीक्षा, पुढे माझं आडनाव, पुढे डिग्री. विशेष काही आढळत नाही हे माझं वाक्य होतं. मी चहा पिताना लिहिलेलं.

मी फोन केला. "नोंदवही दुरुस्त करता येते का हो?"

"येते की. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे. पण मॅडम, तीन रकाने तरी भरलेले पाहिजेत. नाव, ठिकाण, माहिती देणारा. माणूस समोर उभा राहून सांगणार, सभा ऐकणार."

"ठिकाण मोकळं ठेवलं तर?"

"मग ती नोंद नाही, निबंध झाला. कंपनीचा वकील बसलेला असणार ना समोर."


नोंद १२ (खोडली)

~~शेवळा. ठिकाण:~~

मी वडशेतला गेले, शेवंतीमावशीच्या ओट्यावर बसले आणि मसुदा वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला.

"म्हंजे सगला माल?"

"सगळा. सपाट करणार."

"घल?"

"घळ आधी भरणार. डंपरला रस्ता तिथूनच आहे."

ती उठली, आत गेली, तांब्याभर पाणी पिऊन बाहेर आली. "माल गेला तर जागा जाईल. सांगितली तर जागा जाईल. दोनी अंगांनी माझीच."

मग तिने चप्पल घातली. "चल. पेन हितंच ठेव."

आम्ही चढलो. एप्रिलमध्ये मला ज्याला दगड म्हणून सांगितलेलं त्याच्यावर आता पाय ठेवायला जागा नव्हती. कंटोळीचा वेल, भारंगी, दिंडा, चाईचा कोंब, पांढऱ्या फुलांची कोळी, रानहळद, कळलावीची पहिली पेटलेली फुलं. एका उंबराच्या फांदीवर आमरीचं ऑर्किड. झाडीत नवरंग शीळ घालत होता, दिसला मात्र नाही. मी मनात मोजत होते, सत्तेचाळीसपर्यंत आले आणि पुढे मोजणी सुटली. पेन नसल्यामुळे मला पहिल्यांदाच नुसतं बघावं लागत होतं.

एका जागी ती थांबली. "हितून म्होरं तू यायचं नाय."

मी थांबले. ती एकटी पुढे गेली, झुडपांमागे दिसेनाशी झाली आणि पाचेक मिनिटांनी परत आली. हातात काही नव्हतं.

"हाय," ती म्हणाली. "सगलं हाय जागेवर."

त्या संध्याकाळी मी तुळसाकडे गेले. तीही म्हणाली, माळावर काय नाय. तिच्या मोरीत काळी माती लागलेला कोयता होता. गुणाजीआबांकडे गेले. ते म्हणाले, "घोरपर लिवली का उद्या खाकीवाला माझ्या दारात. लहानपनी काय काय खाल्लंय ते इचारंल."

"आबा, इथे दिसते एवढंच लिहायचं. कोणी काय खाल्लं याला रकानाच नाही."

"आज नाय. उद्या काढतील."

पुढचे तीन रविवार मी घरोघर फिरले. चहा भरपूर मिळाला, नोंद एकही मिळाली नाही. सगळ्यांना माळ हवा होता. सगळ्यांना वाटत होतं की दुसऱ्या कोणीतरी आधी बोलावं.


ग्रामसभेचे इतिवृत्त, दि. १५ ऑगस्ट
(ग्रामसेवकांनी लिहिलेले, चौकटीत न बसलेले मी लिहिले आहे)

*सकाळी ९.३० वाजता झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा सुरू झाली. उपस्थिती २३१.*

जिलेबीचे कागद अजून हातात. पुढे टेबल, टेबलामागे सरपंच साईनाथ गायकर. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. माणूस वाईट नाही. त्याच्या बाजूला कंपनीचा वकील, पायात बूट, आणि बुटांना आधीच चिखल.

*विषय क्र. ७ वाचून दाखविण्यात आला. सरपंचांनी रोजगाराबाबत माहिती दिली.*

"वीस पोरं लागतील कामाला," साईनाथ म्हणाला. "लेखी देतायत. मालावर काय हाय आपल्या? तुमीच सांगितलेलं या मॅडमना. नोंदवहीत तुमच्याच तोंडचं हाय. दगर. मी वाचू?"

त्याने माझ्या अकरा नोंदी वाचल्या. साप (कोणता ते सांगता आले नाही) ला थोडा हशा पिकला.

*नोंदवहीत दुरुस्ती सुचवायची असल्यास सभेने सांगावे, असे विचारण्यात आले.*

कोणी हललं नाही. मी टेबलाच्या टोकाला वही उघडून बसलेले. पेनाचं टोपण काढलेलं. समोर दोनशे एकतीस माणसं आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकेक खड्डा, घळ, ढोली, बीळ. सगळी तोंडं बंद.

साईनाथने घड्याळ पाहिलं. "मंग हात वर करून..."

"थांब रं."

शेवंतीमावशी उभी राहिली. आज नवं लुगडं होतं. तिने डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं.

"लिव, बाय. शेवला."

मी लिहिलं.

"ठिकान लिव. बेलाची घल. दोन कातल एकमेकाला टेकलेत, त्यांच्या मागं. वाकून जावं लागतं. आत गेलं का उजव्या हाताला." ती थांबली. "तीस वर्सं मी थयनाच काढतंय. माझं नाव लिव. शेवंती."

एवढं बोलून ती खाली बसणार होती. पण तिच्या मागून तुळसा उसळली.

"ती माझी जागा हाय!"

"तुझी कशी?" शेवंतीमावशी वळली. "मना सासूबायने मरताना सांगितली. कानात."

"मना पन मरतानाच सांगितली!"

"कवा?"

"तू पानी आनायला गेलेलीस तवा!"

"मना बोलली, धाकटीला सांगू नको!"

"मना बोलली, थोरलीला सांगू नको!"

पटांगणात खसखस सुरू झाली. दोघी जावा समोरासमोर उभ्या, कमरेला हात.

"मंग तीस वर्सांत आपन घलीत एकदा पन कशा नाय गाठल्या?" शेवंतीमावशीने विचारलं. "तुना कनचा वार दिला?"

"शनवार. तुना?"

"मंगलवार."

मग पार मागच्या रांगेतून, खुर्चीवर बसलेली त्यांची नणंद, गावातच दिलेली सत्तरीची जनाबाई, काठी वर करून म्हणाली, "बेस्तरवार माझा."

पटांगण फुटलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या, साईनाथ तोंडावर रुमाल धरून. मेलेल्या म्हातारीने एक घळ तिघींना वाटलेली, आठवडा कापून, आणि तिघींनाही एकच शपथ घातलेली: कंद काढायचा नाही, तीन दिसली तर एक ठेवायचं. तिघींनी ती पाळलेली, कारण प्रत्येकीला वाटत होतं की आपण आपल्यासाठीच राखतोय.

"लिव," तुळसा माझ्याकडे बोट करून म्हणाली, अजून रागातच. "हिच्या नावाखाली माझं लिव. आनि हिला एकच येतंय. मी अजून सांगतंय. लोत. घलीच्या वर, बांबूच्या बेटात. कंटोली, पानवठ्याच्या कुपाटीला. हिला माहीत नाय ती."

"मना माहीत नाय? कुपाटीची कंटोली मी लावलेली!"

"मंग सांगत का नवतीस?"

*दुरुस्त्या पुढीलप्रमाणे:*

आणि मग:

नोंद १५, भारंगी, म्हसोबाच्या पायरीला नोंद १६, पेंढरं, तीच पायरी, डावीकडे
    "डावीकडं नाय उजवीकडं" "तू कवा गेलेलीस?" "तू नसतानाच"
नोंद २१ कवळा नोंद २२ दिंडा नोंद २३ मोहाचं झाड, जुनं, वीज पडलेलं, तरी दोडे धरतं
नोंद २९ जखमेवरचा पाला, नाव नाही, सगळे "तो पाला" म्हणतात
    माहिती देणाऱ्याचे नाव: एकाच वेळी सहा जणी
नोंद ३४ पोटदुखीचं साल, नोंद ३५ बाळंतिणीचं मूळ
    "हे पुरषांच्या म्होरं नको" "मंग कानात सांग मॅडमच्या" (सांगितलं, लिहिलं)
नोंद ४८ नवरंग. दोन. घरटं कुठे ते एका पाचवीतल्या मुलीला माहीत.
नोंद ५२ ५३ ५४ अळंबी, तीन जाती, तीन वारुळं, तीन भावजया

मी इतक्या वेगाने कधी लिहिलं नव्हतं. जे चार महिन्यांत एका घरानेही दिलं नाही ते आता कोणाला दाबून ठेवता येत नव्हतं. एकीची जागा उघडी पडली की दुसरी चवताळून आपली सांगायची, मागे राहायला नको म्हणून. भांडणात बोलल्यासारख्या त्या बोलत होत्या. गाव स्वतःची झडती घेत होतं आणि जे सापडत होतं त्याने गावालाच आश्चर्य वाटत होतं.

वकिलाने हात वर केला. "सरपंचसाहेब, हे सगळं ऐकीव आहे."

"ऐकीव?" जनाबाई म्हणाली. "माझ्या घरला ये, जेवू घालतंय. खाऊन बघ ऐकीव."

गुणाजीआबा इतका वेळ भिंतीला टेकून होते. आता ते काठी टेकत टेबलापाशी आले, माझ्या वहीत वाकून पाहिलं, रकाने बोटाने मोजले. खाल्लेल्याचा रकाना नाही याची खात्री करून घेत असावेत.

"लिव. घोरपर. एक मोठी, दोन लहान. सालींदर. भेकर, पाच महिन्यांमागं मादी आनि पिल्लू. आनि मुठे. पालखीचा दगर हाय ना, त्याच्या खालच्या अंगाच्या व्हालात."

"खालच्या नाय, आबा," साईनाथ म्हणाला. "वरच्या. खालच्याला आता पिल्लं असतान, थयना हात घालत नाय कोनी..."

तो थांबला.

सगळं पटांगण त्याच्याकडे पाहत होतं. माळावर काय हाय, असं विचारणारा माणूस ओढ्यातल्या खेकड्यांची पिल्लं कुठल्या अंगाला असतात ते सांगत होता. त्याला ते चुकीचं लिहिलेलं बघवलं नव्हतं, बस.

"वरच्या," गुणाजीआबा गंभीरपणे म्हणाले. "बरोबर. मी मुद्दाम खालच्या बोल्लो. म्हटलं बघू इसरला का."

वकील साईनाथकडे वळला. "सर?"

साईनाथने रुमालाने कपाळ पुसलं. त्याची आई पुढच्या रांगेत होती, ती त्याच्याकडे पाहून हळूहळू मान हलवत होती, हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नव्हतं.

मी विचारलं, "माहिती देणाऱ्याचं नाव?"

त्याने रुमालाची घडी करून तो खिशात घातला.

"लिहा," तो म्हणाला. "साईनाथ गायकर. सरपंच नका लिहू. नुसतं नाव."

"आणि ठिकाण?"

"सांगितलं ना आता. वरच्या अंगाला. तिसरा कुंड." मग जरा दम खाऊन: "चौथ्यात पन असतान."

*विषय क्र. ७ हात वर करून मतास टाकण्यात आला. बाजूने ९. विरुद्ध २१४. सरपंच विरुद्ध. ठराव फेटाळण्यात आला. वीस मुलांच्या रोजगारासाठी स्वतंत्र सभा घेण्याचे ठरले. नोंदवहीत एकूण १६४ नोंदी मंजूर. वही संपल्याने शेवटच्या ३९ नोंदी शाळेच्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर घेण्यात आल्या.*

ग्रामसेवकांनी खाली दुहेरी रेघ मारली. मग ती त्यांना कमी वाटली असावी. तिसरी मारली.

वकील गाडीत बसताना म्हणाला, पुढच्या वर्षी कागद पुन्हा येईल. "येऊ दे," तुळसा म्हणाली, "आमच्याकडं वाचायला जास्त हाय."


शेरा (पान संपले, मागील बाजूस लिहिले आहे)

सभा संपली तरी कोणी घरी जाईना. तुळसाला शेवंतीमावशीची ती टेकलेली कातळं तिचीच आहेत का दुसरी, हे डोळ्यांनी बघायचं होतं. जनाबाईला दोघींच्या आधी तिथे पोचायचं होतं. तिला दोन नातवांनी खुर्चीसकट उचललं. मग बाकीच्याही निघाल्या. चाळीसेक बायका, जरीच्या काठाची लुगडी, गुडघाभर ओलं गवत, आणि मागे पुरुष, थोडं अंतर राखून, आम्ही सहज आलोय असा चेहरा करून. साईनाथने बूट शाळेत ठेवले आणि अनवाणी आला.

मी शेवंतीमावशीच्या बाजूने चालत होते. मला तिला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी विचारलं.

"वाईट वाटतंय का?"

"वाटतंय की." तिने लपवलं नाही. "पुढल्या जेठात चालीस टोपल्या येतील हितं."

"मग?"

"मंग वार वाटायला लागतील. सासूबायने तिघींना वाटले. मी चालिसांना वाटन." ती थोडी फुगून चालू लागली. सासूच्या जागी आपण, हा हिशोब तिच्या चालण्यात दिसत होता. "पन पयला मंगलवार माझा."

कातळांपाशी आलो. वाकून आत जावं लागतं हे खरं होतं. आत उजव्या हाताला घळ एकदम रुंद होते, अंगणाएवढी, आणि वर बेलाची सावली.

शेवळाचं फूल जूनमध्ये येतं आणि जातं. त्यानंतर जमिनीतून पान येतं, एका कंदाला एकच, ठिपक्यांच्या देठावर उघडलेल्या छत्रीसारखं. फूल काढणारी बाई त्या वेळी भातलावणीत असते. ती घळीकडे फिरकत नाही. त्यामुळे तीस वर्षं इथून शेवळं नेणाऱ्या तिघींपैकी कोणीही ही जागा ऑगस्टमध्ये, अशी उभी राहून पाहिलेली नव्हती. जुलैत शेवंतीमावशीने डोकावलं तेव्हा नुसते कोंब वर आलेले.

घळभर छत्र्या होत्या. गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या, शेकड्यांनी, कातळाच्या भेगांतून, एकमेकींना खेटून, वर बांबूपर्यंत. ठेवलेलं तिसरं, ठेवलेलं तिसरं, ठेवलेलं तिसरं, तीस वर्षांचं.

तुळसाने एका ठिपक्यांच्या देठाला हळूच बोट लावलं. जनाबाईची खुर्ची खाली ठेवली गेली. मागच्या बायका आत येऊ लागल्या, ढकलाढकली सुरू झाली, कोणीतरी मोजायला लागलं आणि सोडून दिलं. मी वही उघडली. संख्येचा एक रकाना होता, एप्रिलपासून कोराच. मी त्यात "भरपूर" लिहिलं, आणि मला वनस्पतिशास्त्रात इतकं अचूक आजवर काही लिहिता आलेलं नाही.

शेवंतीमावशी सगळ्यांच्या पुढे उभी होती. तिने दोन्ही हात आडवे पसरले आणि संपूर्ण गावाला, सरपंचासकट, ओरडली:

"ए, सावकाश! बघून पाय टाका! तुमच्या पायाखाली हायत!"